उलार गाडीतून लोणार

पुण्याहून लोणारला जाताना पिंपभर उकळलेलं पाणी सोबत नेण्याची अक्कल माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे जे झालं त्याचं खापर मी वाटेत सुतारावर फोडलं, ड्रायव्हरवर फोडलं, रस्त्यावर फोडलं आणि एकदा तर आमच्या ह्यांच्यावरही फोडलं. घरी येऊन तीन आठवडे झाले. ह्यांचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. तोवर हाताला काही काम हवं म्हणून लिहायला बसले आहे.

हे शाळेत भूगोल शिकवायचे. बावीस वर्षं दरवर्षी फळ्यावर लोणारचं सरोवर काढायचे. एक मोठा गोल, त्याच्या आत एक लहान गोल, बाजूला दोन बाण. ज्वालामुखीमुळे झालं असं आधी शिकवलं, नंतर आकाशातून दगड पडून झालं असंही काही जण म्हणतात, हेही शिकवायला लागले. प्रत्यक्ष मात्र कधी गेले नाहीत. दर उन्हाळ्यात जाऊ जाऊ म्हणायचे आणि कुणाचं तरी लग्न निघायचं. मग मणक्याला क्षय झाला आणि गेलं दीड वर्ष हे छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये उताणे पडून आहेत. ऑपरेशननंतर पाय कितपत चालतील ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले की लोणार राहिलंच.

मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी मला वेड्यात काढलं. मग बाजूच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, नेऊन आणा. अटी तीन घातल्या. बसवायचं नाही, उशी एकच आणि पातळ. गाडीत एकदा झोपवलं की घरी परत येईपर्यंत कुणी उचलायचं नाही. आणि पायाला मुंग्या आल्या, बोटं हलेनाशी झाली, तर असाल तिथून मागे फिरायचं.

माझ्या भावाकडे लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी पिकअप होती. तिच्या पाठीवर आम्ही सागवानी खोली बांधून घेतली. डाव्या अंगाला ह्यांची खाट, बोल्टांनी फळीला जखडलेली. डोकं ड्रायव्हरकडे, पाय मागच्या दाराकडे, म्हणजे दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या की पडल्या पडल्या बाहेरचं दिसावं. उजव्या अंगाला कपाटं. स्वयंपाकाचं सगळं अगदी मागे, दाराशी घ्यायचं, हा हट्ट माझा. मला खाली उभं राहून रांधता यायला हवं होतं. त्यासाठी सुतारानं खोली मागे दीड फूट बाहेर काढली. त्या दीड फुटात मी स्टोव्ह, भांडी, पाटा-वरवंटा आणि ते पाण्याचं पिंप ठेवलं. वऱ्हाडात पाण्याचे हाल असतात असं मला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते आता आठवत नाही.

नगरच्या अलीकडे

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी हवेत गारवा होता आणि हे खुशीत होते. शिरूर मागे पडलं तसं मला वाटायला लागलं की खाट उताराला लागली आहे. हे हळूहळू पायांकडे सरकत होते. मी तळपायाशी गादीची वळकटी लावली. तासाभरानं वळकटीही सरकली.

ड्रायव्हर सखाराम माझ्या भावाकडे दहा वर्षं असलेला, तोंडानं फटकळ पण जिवाला जीव देणारा माणूस. त्यानं खाली उतरून पाहिलं. मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान असते, तिला हे लोक पाटे म्हणतात. ती कमान पार सपाट झाली होती. गाडी मागे बसलेली आणि नाक वर, असं ते ध्यान दिसत होतं. रस्त्यात खड्डा आला की खाली लोखंडावर लोखंड आपटायचं आणि तो दणका सरळ ह्यांच्या पाठीत जायचा.

हे दुखलं म्हणून कधी बोलत नाहीत. फार झालं की गोदावरीच्या उपनद्या म्हणायला लागतात. दारणा, प्रवरा, सिंदफणा. मला हे माहीत असल्यामुळे त्यांना वाटतं तसं ते काही लपत नाही. त्या दिवशी नगर येईपर्यंत त्यांचं दोनदा सगळं खोरं म्हणून झालं.

औरंगाबादहून पुढे

औरंगाबादला एका मिस्त्रीनं पाट्यांत दोन जाड पट्ट्या वाढवून दिल्या. गाडी मागून ताठ उभी राहिली. मी आनंदानं मिस्त्रीच्या हातावर पेढे ठेवले. देऊळगाव राजापर्यंतच कळलं की मोठीच चूक झाली. आता गाडी बसत नव्हती, पण दबतही नव्हती. आधी खड्ड्याला दणका बसायचा, आता चाकाखाली खडा आला तरी बसायला लागला. हे कृष्णेच्या खोऱ्यात उतरले.

सिंदखेड राजाला मी नेहमीप्रमाणे पायाची बोटं हलवायला सांगितली. उजवी हलली. डावीही हलली, पण जरा उशिरा. मी विचारलं, मुंग्या येताहेत का. हे म्हणाले, नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, थोड्याशा. इतक्या जवळ आणून मागे फिरवायचं कसं आणि पुढे न्यायचं कुठल्या तोंडानं, हे मला कळेना. मी सखारामला सांगितलं की पुढचं मोठं गाव येईल तिथे थांब, तिथे उपाय झाला तर ठीक, नाहीतर उद्या परत. ह्यांनी ऐकलं. काही म्हणाले नाहीत, नद्याही म्हटल्या नाहीत. त्या गप्प बसण्याचा मला नद्यांपेक्षा जास्त त्रास झाला.

बीबी

पुढचं मोठं गाव म्हणजे बीबी. बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसानं भरलेल्या बैलगाड्या सोडलेल्या होत्या. सखारामनं चौकशी केली तेव्हा मिस्त्री नाही, पण तुळशीराम लोहार आहे, असं कळलं. मी कपाळाला हात लावला. मोटारीचं काम बैलगाडीच्या लोहाराकडे न्यायची वेळ आली, असं मनात म्हटलं. मनातच म्हटलं ते बरं झालं.

तुळशीराम पन्नाशीचा, अंगानं चांगला भरलेला. कडुनिंबाखाली भट्टी, आणि भाता ओढायला त्याची बायको कवसाबाई. घणसुद्धा तीच मारते. आमच्याकडे लोहाराच्या दुकानात बाई मी पाहिलेली नाही. इथे तुळशीराम फक्त सांडशी धरून बारीक हातोडीनं जागा दाखवतो आणि तिथे घण घालते ती कवसाबाई.

मी म्हटलं, पाटे बघा. तो पाट्यांकडे गेलाच नाही. वीस पावलं लांब जाऊन उभा राहिला आणि बाजूनं गाडीकडे बघत बसला. मग पुढे येऊन नाकावर दोन्ही हात टेकवून त्यानं गाडी दाबली. नाक लगेच खाली गेलं आणि लगेच वर आलं. मग तो मागे गेला, माझ्या स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मान हलवली.

"बाई, पाट्याचा काई दोष नाई," तो म्हणाला. "गाडी उलार हाय. बैल असते तं गळ्याले फास लागून मेले असते."

उलार म्हणजे काय ते त्यानं बाजूच्या कापसाच्या गाडीवर करून दाखवलं. इथे गाडी भरली की बैल जुंपण्याआधी मालक जू हातानं उचलून बघतो. जड लागलं तर ओझं पुढे जास्त, बैलांची मानगूट सोलते. आपोआप वर जाऊ लागलं तर ओझं मागे जास्त, ती उलार. तेव्हा गाडी जू वर ओढते आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. जू एका हातात बेतानं तोललं गेलं पाहिजे. लहानसहान शेतकरीसुद्धा हे बघितल्याशिवाय गाडी हलवत नाही. आणि आम्ही पुण्याची शिकलेली माणसं चाकाच्या मागे दीड फूट जागा वाढवून तिथे सगळं घर ठेवून निघालो होतो.

त्यानं सगळं सामान खाली काढायला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर बाजारात माझा संसार रस्त्यावर मांडला गेला. स्टोव्ह, डबे, पाटा-वरवंटा, लोणच्याची बरणी. ह्यांच्या खाटेखालून एक पोतं निघालं, ते मलाही माहीत नव्हतं. सखाराम कसनुसा हसला. ह्यांना उतरता येत नाही, म्हणून हे प्रत्येक मुक्कामाला त्याच्याकडून दगड वेचून घेत होते. नगरचे, दौलताबादचे, देऊळगावचे, सगळे चिठ्ठ्या लावून. मी आत डोकावले तर हे छताकडे टक लावून बघत होते. तेवढ्यापुरती मला जरा हुक्की आली की बघा, ओझं तुमचंही आहे. पण ती टिकली नाही, कारण मग पिंप निघालं.

ते उतरवायला तिघं लागले. कवसाबाई भाता सोडून आली. झाकण उघडून तिनं आत पाहिलं.

"एवढं पानी काऊन आनलं जी?"

खोटं बोलायला जमलं असतं तर बोलले असते. मी सांगितलं की ह्यांना उकळलेलंच द्यायचं असतं, म्हणून घरूनच उकळून आणलं. इकडे पाणी मिळेल न मिळेल, कसं मिळेल. शेवटचे शब्द तोंडातल्या तोंडात राहिले. बाजूच्या गाडीवाल्यांनीही ऐकलं. कवसाबाईनं पदरानं कपाळ पुसलं.

"उकळ्याचंच हाय तं इथं उकळून देऊ ना बाई. भट्टी पेटेलच हाय. आमचं पानी काय उकळत नाई?"

ती रागानं नाही म्हणाली, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. पाणी कुठेही उकळता येतं, ही गोष्ट मला, दोन पोरं वाढवलेल्या बाईला, तिथे एका अनोळखी बाईकडून कळली. पाण्याची खात्री बाळगायची म्हणून मी त्या पाण्याचा सगळा भार ह्यांच्या पाठीवर घालून त्यांना इतक्या लांब आणलं होतं. मी तिथेच एका उलट्या घमेल्यावर बसले आणि रडले. कवसाबाई माझ्याजवळ उकिडवी बसली. तिनं समजूत घातली नाही, नुसती बसून राहिली. मग उठून विहिरीवरून घागर आणली आणि भट्टीच्या कडेला पातेलं चढवलं.

पुण्याचं पाणी वाया घालवू दिलं नाही तिनं. ते कापसाच्या गाड्यांच्या बैलांना पाजलं. दोन वेळा उकळून, फडक्यानं गाळून आणलेलं ते पाणी बैलांनी फुरफुरत संपवलं. ह्यांना आतून सगळं ऐकू येत होतं. प्लास्टरमध्ये हसता येत नाही, तरी हसत होते.

बीबी, दुसरा दिवस

औरंगाबादच्या दोन्ही पट्ट्या तुळशीरामनं काढून टाकल्या. मूळच्या दबलेल्या पट्ट्या एकेक करून भट्टीत लाल केल्या आणि ठोकून त्यांची कमान पुन्हा चढवली. ह्यांची खाट तेवढा वेळ दगडांवर टेकवलेल्या गाडीतच होती. तुळशीराम दर थोड्या वेळानं घण थांबवायचा आणि हाक मारायचा, गुरुजी, आवाजाचा तरास होऊन राह्यला का? हे म्हणायचे, चालू द्या. नंतर तर हेच त्याला विचारायला लागले की लोखंड किती लाल झालं की बाहेर काढायचं. तुळशीरामनं सांगितलं, जास्वंदीसारखं झालं की. भूगोलाच्या मास्तरांनी ते वहीत लिहून घ्यायला मला सांगितलं.

दोन दिवस आम्ही त्यांच्याकडे जेवलो. भाकरी, भरीत, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं तेल ओतलेलं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या दिवशी मी मागून घेतला. मी आमच्या पद्धतीची आमटी केली, तर कवसाबाईनं एक घोट घेऊन विचारलं की कुणी बिमार आहे म्हणून गूळ घातला का. मी म्हटलं, आम्ही सगळेच रोज अशी खातो. तिला माझी फार कीव आली.

तुळशीराम मात्र खुशीत होता. आता नवं राज्य होऊन तुम्ही-आम्ही एकाच राज्यात आलो, नाहीतर पुण्याची गाडी माझ्या भट्टीवर कधी आली असती, असं तो आल्यागेल्याला सांगत होता.

सामान त्यानंच लावलं. दगडांचं पोतं ड्रायव्हरशेजारच्या बैठकीखाली. पाटा-वरवंटा त्याच्या शेजारी. पिंप पुढच्या भिंतीला, आणि त्यात पाव हिस्सा पाणी, तेही बीबीचं. मागे दाराशी फक्त रिकामी भांडी. मग त्यानं खाटेशेजारी फळीवर परात ठेवली, तिच्यात पाणी ओतलं आणि वाकून बघितलं. पाणी चारी बाजूंना सारखं टेकलं होतं. तरी सखारामला त्यानं गाडी दोनदा खड्ड्यातून न्यायला लावली. मागचा भाग खाली दबला, अलगद वर आला आणि थांबला. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. नदी आली नाही. संध्याकाळी बोटं हलवायला सांगितली, तर दोन्ही पायांची एकदमच हलली. मुंग्या गेल्या होत्या.

निघताना तुळशीराम स्वच्छ धोतर नेसून तयार. बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवली की पहिल्या फेरीला तो स्वतः गाडीबरोबर जातो, ही त्याची रीत. आपल्या हातचं काम रस्त्यावर कसं वागतं ते बघितल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. कवसाबाईला लोणारला धारेवर, म्हणजे तिथल्या पवित्र झऱ्यावर, अंघोळ करायची होती, म्हणून तीही निघाली. दोघं पुढे सखारामशेजारी बसले, चाकाच्या मागे नाही. ते सांगायची गरजच नव्हती.

लोणार

सकाळच्या उन्हात पोचलो. रस्ता बऱ्यापैकी खराब होता, पण हे वाटेत चक्क झोपले. कडेपाशी बरी सपाट जागा बघून सखारामनं गाडी उलटी लावली, मागचं दार सरोवराकडे करून. मी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि बाजूला झाले.

माझ्यासमोर ते सगळं होतं. एवढा मोठा खळगा, उतारावर झाडी, आणि खाली हिरवट पाणी, अगदी गप्प. बावीस वर्षं खडूनं काढलेलं ते असं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी वळून ह्यांच्याकडे बघितलं.

हे म्हणाले, "आभाळ दिसतंय. आणि पलीकडची कड."

खाट इतकी सपाट होती की त्यांची नजर पायांच्या बोटांवरून सरळ समोर जात होती. पाणी खाली राहिलं. उशी वाढवायची नाही, उठवायचं नाही, उचलायचं नाही. सखाराम म्हणाला, पुढच्या चाकांखाली दगड घालून नाक चढवतो. पण कडेला एवढं चिकटून गाडी मागेपुढे हलवायला मी तयार होईना. हे म्हणाले, असू दे, एवढं पुरे आहे. त्यांनी ते इतक्या चांगल्या तऱ्हेनं म्हटलं की मला तिथे उभं राहवेना.

तुळशीराम लांब जाऊन बाजूनं गाडीकडे बघत होता, पहिल्या दिवशी बघितलं तसाच. मग परत आला.

"उलार करू," तो म्हणाला.

दाराखालच्या पायरीवर एका टोकाला तो चढला आणि चौकट बाहेरून धरून अंग मागे टाकलं. दुसऱ्या टोकाला कवसाबाई. मग सखाराम, मग मी. मधली वाट आम्ही मोकळी ठेवली. गाडी जेमतेम बोटभर दबली. तुळशीरामनं कमानच अशी चढवली होती, की ती आम्हा चौघांना दाद देईना. त्याला हसू आवरेना आणि अभिमानही लपवता येईना.

धारेवर अंघोळीला निघालेली माणसं रस्त्यानं जात होती. कवसाबाईनं लोंबकळत्या अवस्थेतच त्यांना हाक मारली आणि सांगितलं की आत एक गुरुजी आहेत, त्यांना पाणी बघायचं आहे, या इकडे लटका. एवढंच. कोण गुरुजी, कुठले, कशानं, हे कुणी विचारलं नाही. दोघं धिप्पाड गडी आले, एक म्हातारे बाबा आले, पितळी तांबे खाली ठेवून तीन बाया आल्या. जिथे हात टेकेल तिथे धरून सगळे लटकले. मी कवसाबाईच्या दंडाला धरलं होतं आणि तो दंड लोखंडासारखा घट्ट होता.

पाटे कुरकुरले. गाडी मागे बसायला लागली, दोन बोटं, चार बोटं, वीतभर. तेच बसणं, ज्यानं नगरपर्यंत माझा जीव खाल्ला होता. पुढचं नाक वर उठलं. आतमध्ये खाटेचा पायाकडचा भाग हळूहळू उतरला. मला आत दिसत नव्हतं, माझं डोकं चौकटीच्या बाहेर होतं. म्हातारे बाबा धापा टाकत होते.

बराच वेळ आतून आवाज आला नाही. मला भीती वाटली की पाठीत कळ आली असेल, आता दारणा ऐकू येईल, प्रवरा ऐकू येईल. हाताला रग लागली होती.

शेवटी तुळशीरामनंच विचारलं, "दिसलं का गुरुजी?"

"उतरू नका एवढ्यात," हे म्हणाले.

आम्ही कुणीच उतरलो नाही.